गल्लीला नाव नाही

पहाटे पावणेपाचला आक्कानं हलवून उठवलं. "ऊठ, पाणी सुटलंय. पाईप धर." दाजी शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला होते, पोरं गाढ झोपलेली, म्हणून पाईप मी धरला. खाली नळाला मोटर लावायची, गच्चीवरच्या टाकीत पाईप सोडायचा, तो उसळून बाहेर पडू नये म्हणून हातानं दाबून धरायचा. तेवढ्या वेळात आक्कानं मोरीतले दोन निळे बॅरल, पिंप, घागर, कळशी, तपेली, हाताला लागेल ते भरून घ्यायचं. पाऊण तास हे चालतं. मग पुन्हा पाणी परवा.

आक्का कोल्हापुरात राहते असं आम्ही सगळे म्हणतो. लग्नपत्रिकेवर तसंच छापतो. पण तिचं घर महापालिकेच्या हद्दीत नाही. हद्द तिच्या दारापासून चालत दहा मिनिटांवर संपते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं ज्या माणसाबद्दल सांगणार आहे त्याची नोकरी त्या गावात आहे.

टाकी भरली तसा मी खाली आलो. गल्लीच्या तोंडाला पाणी सोडणारे मामा वाकून उभे होते. चेंबरचं झाकण बाजूला, हातात कमरेएवढी लोखंडी चावी, गाडी स्टँडवर लावलेली आणि तिचा दिवा चेंबरवर सोडलेला. चावी साडेचार फेरे फिरवली, कान खाली नेऊन पाण्याचा आवाज ऐकला, झाकण सरकवलं. मग खिशातून वही काढून टाचणीएवढी खूण केली.

"मामा, किती गल्ल्या झाल्या आता?"

"वहीत बगून सांगावं लागंल. मी लागलो तवा यष्टी स्टँडपासनं देवळापातूर येक फेरी हुती, चालत मारायचो. आता गाडीवर तीन तास जात्यात."

वही बघायला मागितली. त्यांनी दिली. प्रत्येक पानावर गल्ल्यांची नावं, आणि ती सगळी मामांनीच ठेवलेली. मास्तरांची लाईन. टॉवरजवळची लाईन. गिरणीची लाईन. उसातली लाईन. ही उसातली लाईन मी बघून आलो. तिथं उसाचं एक कांडं उरलेलं नाही, दोन्ही बाजूंना दुमजली घरं आहेत, पण मामांनी पहिल्यांदा व्हॉल्व्ह बसवला तेव्हा आजूबाजूला ऊस उभा होता म्हणून नाव तेच राहिलं. शेवटच्या पानावर नुसतं: नवीन लाईन. त्याखाली: नवीन लाईन २. त्याखाली: नवीन लाईन ३.

कोल्हापूरच्या हद्दीवर गेल्या पन्नास वर्षांत जे काही लिहिलं, बोललं, भांडलं गेलं, त्यातलं खरं कागदपत्र मला ही वही वाटते.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. तेव्हा शहराची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत ती ५ लाख ४९ हजारांवर गेली. क्षेत्रफळ मात्र ६६.८२ चौरस किलोमीटर होतं आणि तेवढंच राहिलं. महानगरपालिका झाली तेव्हाची रेघ आहे तिथंच आहे. १९९० पासून हद्दवाढीचे प्रस्ताव मुंबईला जातात आणि परत येतात. कधी ४२ गावं, कधी १८ गावं आणि दोन औद्योगिक वसाहती, २०२५ मध्ये आठ गावं. प्रस्ताव गेला की शहरात हद्दवाढ समर्थक कृती समिती जागी होते, गावांत हद्दवाढविरोधी कृती समिती जागी होते, गावं बंद पाळतात, मोर्चे निघतात, आणि निवडणूक आली की फाईल कपाटात जाते. २०१७ मध्ये मधला तोडगा म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं. त्याला आठ वर्षं उलटून गेली, आणि मामा अजून वहीत 'नवीन लाईन' लिहीत आहेत.

ही रेघ हलली नाही तरी माणसं हलली. का हलली हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. २००५ चा पूर, २०१९ चा, २०२१ चा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ज्याच्या घरात तीनदा पाणी शिरलं तो चौथ्या वेळेची वाट बघत नाही, तो वर सरकतो, पाचगावच्या माळाकडं, आर. के. नगराकडं, मोरेवाडीकडं. दुसरं कारण जागेचा दर. राजारामपुरीत ज्याला खोली परवडत नाही तो कळंब्याच्या पलीकडं दोन गुंठे घेतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एवढ्यात घर, तुळस आणि दुचाकी लावायला जागा बसते. तिसरं कारण काम. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या माणसाला शहरात राहून काय करायचं? आक्का-दाजींनी या तिन्ही कारणांनी घर घेतलं. त्यांनी कुणाची फसवणूक केली नाही, आयुष्यभराची बचत तिथं ओतली.

आता जरा जुन्या कोल्हापूरकडं बघू. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गावाच्या वेशीबाहेर शाहूपुरी वसवली. गुळाची पेठ व्हावी म्हणून आधी रस्ते आखले, मग व्यापारी आणले. पुढं शिरोळच्या बाजूला जयसिंगपूर वसवलं. आजही त्या गावात उभं राहिलं की रस्ता सरळ दिसतो, कारण तो आधी कागदावर सरळ काढला होता. मग राजारामपुरी. तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, नववी गल्ली. रिक्षावाल्याला नंबर सांगा, तो बरोबर दारात आणून सोडतो. या गावाला वसाहत वसवण्याची विद्या येत होती, एवढंच मला म्हणायचं आहे. गल्ली आधी, गटर आधी, घर मागून. आज शहराच्या कडेला हाच क्रम उलटा झाला. शेतकरी वावर गुंठ्यागुंठ्यानं विकतो, मध्ये दहा-पंधरा फुटांची वाट सोडतो, घरं उभी राहतात, वाटेत दुचाकी लागतात, आणि गटराचा विचार पहिल्या पावसात लोकांच्या उंबऱ्यात पाणी आल्यावर होतो. आक्काच्या गल्लीतलं गटर शेवटच्या घरापाशी थांबतं. पुढं रिकामा प्लॉट आहे, सांडपाणी त्यात सोडलंय. त्या प्लॉटचा मालक मुंबईत असतो. तो जेव्हा बांधायला काढेल तेव्हा अख्ख्या गल्लीचं पाणी कुठं जाणार, हे मामांनाही माहीत नाही.

या सगळ्यात मला जास्त बोचतं ते वळिवड्याचं उदाहरण.

१९४३ साल. दुसरं महायुद्ध पेटलेलं. सायबेरियातून सुटलेली पोलंडची बायका-मुलं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि त्यातली सुमारे पाच हजार माणसं कोल्हापूर संस्थानात, शहरापासून थोडं दूर, रेल्वेच्या कडेला वळिवड्याच्या माळावर राहिली. त्यांच्यासाठी बराकी बांधल्या. शाळा काढल्या, दवाखाना काढला, चर्च बांधलं. परकी माणसं, परकी भाषा, युद्धाचा काळ, सगळ्या वस्तूंची टंचाई. तरी पाच हजारांची वस्ती व्यवस्थित उभी राहिली आणि १९४८ पर्यंत नांदली. महावीर उद्यानात त्याच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, महापूर ओसरून महिना होत होता तेव्हा, त्या वस्तीत लहानपण गेलेली ऐंशी-नव्वदीची माणसं पोलंडहून वळिवडं बघायला आली होती. लहानपणी मिळालेल्या आसऱ्याची आठवण त्यांनी सत्तर वर्षं जपली.

पोलिश माणसं गेली आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली. वस्तीचं नाव गांधीनगर झालं. हातगाडीवर, डोक्यावर गाठोडी घेऊन कापड विकत विकत या लोकांनी बाजारपेठ उभी केली. आज कोकण, गोवा, बेळगाव, सांगली, साताऱ्याचा दुकानदार घाऊक कापडाला गांधीनगरला येतो. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यातली माणसं टेम्पो करून येतात. बाजार वाढत वाढत गांधीनगरची हद्द ओलांडून उचगाव, वळिवडे, गडमुडशिंगीच्या हद्दीत शिरला. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच रांगेत दुकानं, आणि कर वेगवेगळ्या ग्रामपंचायतींकडं. गोदामाला आग लागली की बंब शहरातून धावत येतात. दसरा-दिवाळीच्या गर्दीत तो बंब दुकानापर्यंत पोचेपर्यंत काय होतं ते त्या व्यापाऱ्यांना विचारा.

गांधीनगर शहराबाहेर फोफावलं याला एक कारण जकात होतं. शहरात माल शिरला की जकात, शहराबाहेर उतरला की नाही. जकात २०११ ला गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही २०१५ ला उठला, २०१७ ला जीएसटी आला. ज्या भिंतीमुळं लोक हद्दीबाहेर राहिले ती भिंत पडून दहा वर्षं झाली. आपण अजून तिच्या सावलीत बसून भांडतो आहोत.

माणसं मोजायची गोष्ट आता सांगतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथं आहे.

ब्राझीलमध्ये कुरितिबा नावाचं मोठं शहर आहे. बससेवेसाठी जगभर नाव असलेलं. त्याच्या दक्षिणेला हमरस्त्याच्या कडेला फाझेंदा रिओ ग्रांदे नावाचं गाव आहे. फाझेंदा म्हणजे मळा, तेव्हा नावच 'मोठ्या नदीचा मळा' असं काहीसं. तेही आपल्या उचगाव-कळंब्यासारखंच: शहरात घर परवडेना म्हणून माणसं तिकडं गेली, सकाळी बसनं कुरितिबाला कामाला, संध्याकाळी परत. १९९० मध्ये ते शेजारच्या मांदिरितुबातून वेगळं काढून त्याला स्वतःची नगरपालिका दिली. स्वतःचा महापौर, स्वतःचं सभागृह. २०१० च्या जनगणनेत तिथं सुमारे ८२ हजार माणसं होती. २०२० ची जनगणना कोविडमुळं लांबली, ती त्यांनी २०२२ मध्ये केली, आणि आकडा आला जवळपास १ लाख ४९ हजार. बारा वर्षांत पावणेदोन पटीच्या वर. केंद्राकडून नगरपालिकांना जो वाटा मिळतो तो तिथं लोकसंख्येवर ठरतो, त्यामुळं वाढलेली माणसं मोजली की पैसा वाढतो. तिथंही रस्ते आणि नळ माणसांच्या मागून धावत असणार. इतक्या वेगानं वाढणाऱ्या कुठल्या गावाला ते चुकलंय? पण ती माणसं कागदावर आहेत. त्यांच्या नावानं पैसे मागता येतात, आणि मत मागायला आलेल्या महापौराला दारात अडवून जाब विचारता येतो.

आक्का कागदावर नाही. २०११ मध्ये तिचं घर नव्हतं, तिथं ऊस होता. आणि आपली शेवटची जनगणना २०११ ची. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीच्या निधीसाठी २०११ चीच लोकसंख्या धरली. ज्या गावात २०११ नंतर शेकडो घरं उठली, त्या गावाला पैसे उसाच्या हिशेबानं मिळाले आणि पाणी घरांच्या हिशेबानं द्यावं लागलं. सरपंचांना शिव्या देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मी अशा गावांतले दोन-तीन सरपंच जवळून बघितलेत. सकाळी सहाला लोक त्यांच्या दारात असतात. त्यांच्या हातात काय असतं? जास्तीत जास्त सतरा सदस्यांची पंचायत, एक ग्रामसेवक, मूठभर कर्मचारी, मामांसारखा पाणी सोडणारा माणूस आणि एक-दोन घंटागाड्या. एवढ्या जोरावर नगराएवढ्या वस्तीचं पाणी, कचरा, गटर, दिवे, स्मशान, रस्ते. मैलापाण्याचं शुद्धीकरण केंद्र उभारणं त्यांच्या आवाक्यात नाही. नगररचनाकार त्यांच्याकडं नाही, अग्निशमन दल नाही.

जनगणना खात्याकडं एक जात आहे, 'जनगणना नगर'. लोकवस्ती पाच हजारांच्या वर, दाटी चौरस किलोमीटरला चारशेच्या वर, आणि कामकरी पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, असं गाव असलं की खातं त्याला नगर म्हणून मोजतं. गांधीनगर, उचगाव, पाचगाव या यादीत आहेत. म्हणजे दिल्लीच्या वहीत ती नगरं आहेत, मुंबईच्या वहीत ग्रामपंचायती. मोजताना शहर आणि देताना खेडं, हे मी सहन करायला तयार नाही.

हद्दवाढीच्या भांडणात दोन्हीकडं खरी माणसं खरं बोलत असतात, हे मी मान्य करतो. शहरातला माणूस म्हणतो, तुम्ही आमचे रस्ते वापरता, आमच्या केएमटी बसमधून फिरता, आग लागली की आमचे बंब येतात, आणि घरफाळा भरताना गावकरी होता. यात तथ्य आहे. केएमटी १९६२ पासून चालते, आणि हद्द संपली म्हणून तिनं प्रवासी उतरवून दिले नाहीत. गावातला माणूस म्हणतो, १९७२ पासून तुमच्या हद्दीत असलेल्या उपनगरांत अजून ड्रेनेज पोचलं नाही, आम्हाला घेऊन काय देणार? घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, सरपंच जाईल आणि प्रभागाचा नगरसेवक आमचा फोन उचलणार नाही. यातही तथ्य आहे. शिवाय २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं शहरच प्रशासकाच्या हाती राहिलं. ज्या घरात पाच वर्षं कर्ता माणूस नव्हता त्या घरात सून म्हणून जायला गावं कशी तयार होतील?

पुण्याचा अनुभवही बघा. २०१७ मध्ये अकरा गावं घेतली, २०२१ मध्ये तेवीस. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी कर वाढला आणि सोयी आल्या नाहीत म्हणून बाहेर पडायचा आग्रह धरला, आणि २०२४ मध्ये ती वेगळी काढून त्यांची नगरपरिषद केली. गावं पिशवीत भरली म्हणजे शहर होत नाही. पण गावं ग्रामपंचायतीत ठेवली म्हणून ती खेडीही राहत नाहीत. दाजी फौंड्रीत साच्यात लोखंड ओततात, त्यांना नांगर धरता येत नाही, आणि त्यांना अजून 'ग्रामीण जीवन' जपायला सांगणारे पुढारी स्वतः शहरातल्या ताराबाई पार्कात राहतात.

मधला तोडगा म्हणून काढलेल्या प्राधिकरणाला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे. बांधकाम परवाना द्यायला, नकाशे बघायला ते ठीक. पण तिथं आक्कानं निवडून दिलेलं कुणी नाही. पाणी आलं नाही तर ती कुणाच्या दारात घागर घेऊन जाणार? लोकशाहीत घागर घेऊन जायला दार लागतं. नगरपालिकेला ते असतं, ग्रामपंचायतीला असतं.

पाणी हा विषय निघालाच आहे तर काळम्मावाडी. दूधगंगेच्या धरणातून पन्नासेक किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकली आणि २०२३ च्या दिवाळीत तिचं पाणी कोल्हापुरात आलं. पिढ्यान्पिढ्या पंचगंगेचं गढूळ पाणी प्यालेल्या शहराला त्याचा आनंद झाला, मलाही झाला. हे पाणी पुईखडीच्या टेकडीवर शुद्ध होतं आणि शहरात उतरतं. त्या टेकडीवरून आजूबाजूची गावं दिसतात. गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या मोजता येत नाहीत इतक्या. शेवटी एकाच नदीखोऱ्यातलं पाणी आहे, आणि सगळे एकाच खोऱ्यात राहतात.

सांडपाणी तर रेघ मुळीच मानत नाही. शहराचं कसबा बावड्याला आणि दुधाळीला शुद्धीकरण होतं, ७६ आणि १७ दशलक्ष लिटरची केंद्रं आहेत. गावांचं सांडपाणी ओढ्यांत जातं, ओढे पंचगंगेत, पंचगंगा इचलकरंजीकडं, तिथून शिरोळ, मग नृसिंहवाडीला कृष्णेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यानं हद्दवाढीच्या बाजूनं मोर्चा काढला नव्हता की विरोधात. त्यानं नळाला तोंड लावलं होतं.

मी निराश नाही, आणि त्याला कारण आहे. टोलचं आंदोलन मी रस्त्यावर उभं राहून बघितलंय. शहराच्या चारी बाजूंना टोलनाके उभे राहिले तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यामागं जी माणसं चालली, त्यांत शिवाजी पेठेतली तालमीची पोरं होती तशी उचगाव, कळंबा, शिरोलीची शेतकरी-कामगार मंडळीही होती. त्या मोर्चात कुणी कुणाला विचारलं नाही, तू हद्दीतला की बाहेरचा. नाका ओलांडायचा पैसा दोघांनाही पडणार होता. २०१५ च्या फेब्रुवारीत पानसरेंचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाला, तो बघायला ते नव्हते. ज्या शहरानं आणि ज्या गावांनी मिळून एवढी मोठी गोष्ट करून दाखवली, त्यांना पाण्याची टाकी आणि गटराचा पाईप मिळून टाकता येणार नाही, हे मी मानणार नाही.

माझं मागणं लांबलचक नाही. जनगणनेची तारीख ठरली आहे, १ मार्च २०२७. त्या मोजणीत या गावांतलं एकही घर सुटू नये यासाठी दोन्ही कृती समित्यांनी एकदा तरी एकत्र बसावं. आकडा आला की गावांना सरळ विचारावं: महापालिकेत यायचं, की शेजारशेजारच्या पाच-सहा गावांची मिळून स्वतःची नगरपरिषद करायची? हुपरीला नगरपरिषद मिळू शकते, तर उचगाव-गांधीनगर-वळिवड्याला का नाही? मला व्यक्तिशः वाटतं की पाचगाव, मोरेवाडी, कळंबा यांनी शहरात यावं, कारण त्यांची घरं शहराला चिकटलीच आहेत, आणि गांधीनगरच्या बाजूनं आपलं स्वतंत्र नगर करावं, कारण त्यांचा बाजार स्वतःच्या पायावर उभा आहे. मी चुकत असेन. पण हे ठरवायचं त्या त्या गावांनी, डोळ्यांसमोर हिशेब ठेवून: घरफाळा किती वाढणार, आणि कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीत पाईप येणार. दोन्ही आकडे एकाच कागदावर. आजवर एकाही प्रस्तावानं आक्काच्या हातात असा कागद दिलेला नाही.

आणि तोवर नवीन गल्ल्या आखून द्या. शेंडा पार्कात उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी जागा ठरली, उजळाईवाडीच्या विमानतळाला नवीन टर्मिनल आलं, आजूबाजूच्या माळांवर दलालांच्या गाड्या फिरताहेत. पुढची दहा वर्षं शहर याच बाजूंना सरकणार, हे दिसतंय. रस्ता किती फुटी, गटर कुठून कुठं, शाळेला जागा कुठली, एवढ्या रेघा तरी घरं उठायच्या आधी मारा. शाहूपुरी वसवणाऱ्यांकडं संगणक नव्हता.

निघायच्या दिवशी पुन्हा पहाटे उठलो. पाण्याचा दिवस होता. मामा चेंबरपाशी होते, बरोबर दुचाकीवर एक तरुण नवरा-बायको. त्यांचं घर माळाच्या पलीकडं नुकतंच पुरं झालं होतं, वास्तुशांत झाली होती, आणि नळाला अजून पाणी नव्हतं. बायकोच्या कडेवर मूल झोपलेलं. नवरा अजिजीनं म्हणत होता, "मामा, आमच्या गल्लीचं तेवढं बघा की."

"कुटली गल्ली तुमची?"

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "नाव नाही ओ तिला अजून. बोअरच्या अलीकडची."

मामांनी वही काढली, गाडीच्या दिव्यात धरली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: नवीन लाईन ४.